घरच्या भट्टीत भंगार ॲल्युमिनिअमची पुली ओततोय, पण आतून भोकं निघतात. कारण काय?

जुनी_लेथ (कराड)

नमस्कार मंडळी. घरामागच्या शेडमध्ये माझी एक साडेचार फुटी लेथ आणि एक जुनं पिलर ड्रिल आहे. ड्रिलच्या मोटरवरची तीन पायऱ्यांची पुली तडकली. मूळची पुली बिडाची, पायऱ्या १२५, १०० आणि ७५ मिलिमीटर, तिन्हींवर ए सेक्शनचा व्ही पट्टा. त्या मापाची तयार पुली इकडे मिळत नाही. पायऱ्यांची मापं बदलली तर स्पिंडलवरच्या पुलीशी मेळ बसत नाही, एका पायरीवर पट्टा ताठ आणि दुसरीवर ढिला. म्हणून ॲल्युमिनिअममध्ये ओतायला घेतली.

भट्टी अशी आहे: रंगाचा वीस लिटरचा पत्र्याचा डबा, आत सिरॅमिक फायबरचं ब्लँकेट, त्यावर कास्टेबलचा (भट्टीच्या उष्णतारोधक काँक्रीटचा) थर, आणि १९ किलोच्या व्यावसायिक सिलिंडरवर चालणारा बर्नर. वितळवायला जाड लोखंडी पाइपाला तळ वेल्ड करून भांडं केलंय. साच्यासाठी नदीची बारीक वाळू चाळून घेतो, त्यात बेंटोनाइट (वाळू धरून ठेवणारी चिकट माती), पाणी हाताच्या अंदाजाने. भंगारात खिडक्यांच्या सेक्शनचे तुकडे, गॅरेजमधून आणलेले मोटरसायकलचे पिस्टन, कोल्ड्रिंकचे डबे आणि दोन जुनी पातेली, सगळं एकत्र वितळवतो. तापमान मोजायला के टाइप थर्मोकपल आहे. ७८० डिग्रीच्या आसपास ओततो, कारण त्याखाली धातू साच्यात नीट पळत नाही.

पुली वरून छान दिसते. लेथवर व्ही घ्यायला लागलो की कातडीखालून टाचणीच्या डोक्याएवढी बारीक भोकं निघतात. आणि मधोमध बोअर मारताना ड्रिल एकदम आत धसतं. तिथं चांगली अंगठा जाईल एवढी पोकळी असते.

इकडे कुणी सांगतं मीठ टाक, कुणी धुण्याचा सोडा टाक, एकाने डीगॅसिंगच्या, म्हणजे धातूतला वायू काढायच्या, गोळ्या आणून देतो म्हटलंय. नेमकं काय करू? आणि भंगार कुठलं घेऊ, कुठलं सोडू?

बर्नर_आणि_पाना (पुणे)

भोकांचं जाणकार सांगतील. मी भंगाराबद्दल दोन शब्द लिहितो, कारण त्यात माणूस दुखावला जाऊ शकतो.

बंद पोकळ वस्तू भट्टीत कधीच टाकू नका. शॉकअबसॉर्बर, दोन्ही टोकं दाबलेली नळी, झाकण घट्ट असलेला डबा, काहीही. आत तेल, पाणी किंवा नुसती हवा असली तरी तापल्यावर फुटते आणि वितळलेला धातू घेऊन वर येते. आधी करवतीने उघडा, आत बघा, मगच टाका.

दुसरं, मॅग्नेशियम. चेन सॉचे सांगाडे, काही पॉवर टूल्सची गिअर हाउसिंग मॅग्नेशियमची असतात. दिसायला ॲल्युमिनिअमसारखीच, हातात मात्र आणखी हलकी लागतात. कानशीने एक जागा चकचकीत करा आणि त्यावर पांढऱ्या व्हिनेगरचा थेंब टाका. लगेच फसफसून बुडबुडे आले तर तो तुकडा बाजूला. मॅग्नेशियम पेटलं तर पाण्याने विझत नाही, उलट भडकतं. कोरड्या वाळूची बादली भट्टीशेजारी पाहिजेच, पाण्याची नको.

तिसरं, जस्ताचं डायकास्टिंग. जुने कार्बोरेटर, दाराच्या मुठी, नळांचे भाग. हे ॲल्युमिनिअमच्या जवळजवळ अडीचपट जड असतात, त्यामुळे हाताला कळतात. शंका आली तर तुकडा हवेत तोला, मग दोऱ्याने पाण्यात बुडवून तोला. हवेतल्या वजनाला दोन्ही वजनांच्या फरकाने भागा. २.७ च्या आसपास आलं तर ॲल्युमिनिअम, ६.६ च्या जवळ आलं तर जस्त.

मोल्डर_कोल्हापूर

दादा, तुमच्या पुलीत दोन वेगळ्या जातीची भोकं आहेत. त्यांची कारणं वेगळी आणि उपायही वेगळे. हे आधी सुटं केल्याशिवाय मीठ, सोडा, गोळी काहीही टाकलंत तरी फरक पडायचा नाही.

आमचं कोल्हापूर म्हणजे बिडाचं गाव. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव, कुठंही फौंड्री म्हटलं की बहुतेक बीडच. मी तिथल्या एका फौंड्रीच्या ॲल्युमिनिअम खात्यात उभी नोकरी काढली, आधी साच्यावर, नंतर भट्टीवर. बिडाचा हात घेऊन ॲल्युमिनिअमकडे आलेला माणूस दोन गोष्टी हमखास करतो: जास्त तापवतो आणि उंचावरून ओततो. ॲल्युमिनिअमला दोन्ही सोसत नाहीत.

पहिली जात, तुमची टाचणीच्या डोक्याएवढी भोकं. भिंग लावून बघा. गोल असतील आणि आतून गुळगुळीत, चकाकणारी असतील, तर तो हायड्रोजन. पातळ ॲल्युमिनिअमला ऑक्सिजनची भारी ओढ. पाण्याची वाफ दिसली की तिच्यातला ऑक्सिजन ते घेतं आणि सुटलेला हायड्रोजन धातूत विरघळतो. धातू जितका जास्त गरम, तितका हायड्रोजन जास्त मावतो. आणि गोठायच्या वेळी अडचण होते, कारण पातळ धातूत जेवढा मावत होता त्याच्या साधारण विसाव्या हिश्श्याएवढाच घट्ट झालेल्या धातूत राहू शकतो. बाकीचा बुडबुडे होऊन जिथल्या तिथं अडकतो.

ही वाफ येते कुठून? ओल्या वाळूतून येते हे सगळ्यांना माहीत असतं. पण पिस्टनला चिकटलेल्या तेलातून येते, सेक्शनच्या रंगातून येते, गंजलेल्या झाऱ्यातून येते, कारण गंज ओल धरून ठेवतो. पावसाळ्यात कोपऱ्यात पडलेल्या मुशीतून, म्हणजे वितळवायच्या भांड्यातून, येते. आणि तुमच्या बर्नरच्या ज्योतीतूनही येते. गॅस जळला की पाण्याची वाफ होतेच. म्हणून धातू भट्टीत जितका वेळ जास्त थांबेल तितका तो वायू पीत बसतो.

यावर उपाय साधे आहेत. भंगार आधी स्वच्छ करा, तेल जाळून टाका, आणि प्रत्येक तुकडा मुशीत टाकण्याआधी भट्टीच्या तोंडावर तापवून कोरडा करा. धातू पातळ झाला की ढवळत बसू नका, वरचा मळ एकदाच काढा. ७८० सोडा, ७०० ते ७२० ला ओता. ॲल्युमिनिअम ६६० ला वितळतं ते शुद्ध असलं तर. सिलिकॉनवालं मिश्रण त्याच्याही खाली पातळ होतं, १२ टक्क्यांच्या आसपास सिलिकॉन असलं तर ५७७ डिग्रीला. तुमचा धातू ७२० ला पळत नाही याचं कारण तापमान नाही, भंगार आहे. त्यावर खाली लिहितो.

गोळ्यांचं म्हणाल तर घरी नकोच. त्या हेक्झाक्लोरोइथेनच्या असतात. धातूत बुडवल्या की क्लोरिन आणि आम्लाचा धूर सुटतो. कारखान्यातही त्या धूर ओढणाऱ्या हुडाखाली वापरायच्या असतात, आणि आता बऱ्याच ठिकाणी ग्रॅफाइटच्या फिरत्या दांड्यातून नायट्रोजन किंवा आर्गॉन सोडतात. तुमच्या शेडमागे घर आहे, माणसं आहेत. तो धूर कुणाच्या छातीत जाणार याचा विचार करा.

मीठ हायड्रोजन काढत नाही. साधं मीठ आणि पोटॅशियम क्लोराइड निम्मं निम्मं घेतलं तर ते ॲल्युमिनिअमच्याच तापमानाला वितळतं, वर पांघरूण धरतं आणि मळातला चांगला धातू सुटा करतं. त्यासाठी चिमूटभर वापरायला हरकत नाही, पण तव्यावर खडखडीत भाजून घेतलेलंच. धुण्याचा सोडा मात्र अजिबात नको. त्याच्या खड्यात पाणी बांधलेलं असतं. तुम्ही धातूतून वाफ काढायला निघालात आणि हाताने पाणीच आत घालताय.

दुसरी जात, बोअरमधली पोकळी. आतून खडबडीत असेल, कंगोरे असलेली, झाडाच्या फांद्यांसारखे स्फटिक दिसत असतील. ते आकुंचन आहे, वायूचा त्यात संबंध नाही. ॲल्युमिनिअम पातळचं घट्ट होताना आकारमानात साधारण ६ टक्के घटतं. बाहेरची कातडी आधी गोठते, मधला जाड भाग शेवटी. त्या शेवटच्या भागाला भरायला धातू मिळाला नाही तर तिथं पोकळी राहणारच. जगातला कुठलाही फ्लक्स, म्हणजे मिठासारखी वरून टाकायची पूड, ही पोकळी भरणार नाही. तिला धातूच पाजावा लागतो, त्यासाठी रायझर, म्हणजे साच्यावर ठेवलेला जादा धातूचा खांब. तुम्ही रायझरचं काहीच लिहिलं नाहीत, म्हणून विचारतो: किती मोठा ठेवलाय आणि कुठं?

आता भंगार. ओतायच्या कामाला ओतीव भंगार घ्यायचं, हा नियम. खिडकीचं सेक्शन डायच्या भोकातून दाबून काढायला केलेलं असतं. त्यात सिलिकॉन अर्ध्या टक्क्याच्या आसपास, म्हणून ते साच्यात पळत नाही आणि गोठताना कोपऱ्यात तडकतं. पातेलं जवळजवळ शुद्ध ॲल्युमिनिअम, मऊ आणि ओतायला वाईट. कोल्ड्रिंकच्या डब्याचं अंग मँगेनीजच्या मिश्रणाचं, झाकण मॅग्नेशियमच्या मिश्रणाचं, आणि पत्रा इतका पातळ की बराचसा जळून मळच होतो. हे तिन्ही भंगारवाल्याला द्या. स्वच्छ सेक्शनला तो भावही बरा देतो. बदल्यात त्याच्याकडून पिस्टन, इंजिनची हेड, केसिंग, फुटलेली अलॉय व्हील घ्या. अलॉय व्हीलमध्ये साधारण ७ टक्के सिलिकॉन, पिस्टनमध्ये बहुधा १२ च्या आसपास आणि वर तांबं, निकेल, मॅग्नेशियम थोडं थोडं. पुलीला पिस्टन उत्तम. घासाला टिकतो, लेथवर तुकडा सुटसुटीत निघतो.

पिस्टनच्या रिंगा आणि पिना काढा. डिझेल पिस्टनमध्ये रिंगेच्या खाचेत लोखंडी कडं ओतून बसवलेलं असतं. ते या तापमानाला वितळत नाही, तळाशी राहतं. चिमट्याने लगेच उचलून काढा, तासभर आत ठेवू नका. अलॉय व्हील करवतीने कापत बसायची गरज नाही. वितळायच्या जरा आधीपर्यंत तापवा आणि हातोडा मारा, ठिसूळ होऊन तुकडे पडतात. डोळ्यांवर चष्मा पाहिजे.

भंगार वितळवून थेट साच्यात ओतू नका. पहिल्यांदा नुसत्या लाद्या पाडा. बिडाचं जुनं आप्पेपात्र यासाठी झकास, फक्त ते पुन्हा स्वयंपाकघरात न्यायचं नाही आणि प्रत्येक वेळी चांगलं तापवूनच त्यात धातू ओतायचा. लाद्यांवर पंचने खूण करा, पिस्टनच्या वेगळ्या, व्हीलच्या वेगळ्या. पुली ओताल तेव्हा स्वच्छ लाद्याच मुशीत जातील. दुसऱ्या वितळीत मळ किती कमी येतो ते बघा.

आणि ते लोखंडी भांडं सोडा. पातळ ॲल्युमिनिअम लोखंड खातं. विरघळलेलं लोखंड सिलिकॉनबरोबर सुयांसारखे स्फटिक करतं आणि ओतीव ठिसूळ होतं. शिवाय भांड्याचा तळ आतून पातळ होत जातो, कुठल्या दिवशी भट्टीत सुटेल सांगता येत नाही. ग्रॅफाइटची किंवा सिलिकॉन कार्बाइडची मूस घ्या. मुशीवरचा नंबर पितळ-तांब्याच्या वजनाच्या हिशेबाचा असतो, ॲल्युमिनिअम त्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढंच मावतं. नवी मूस पहिल्यांदा उपडी ठेवून मंद आचेवर तापवा, मग लाल करा.

पायात चपला घालून हे काम करू नका, हे हात जोडून सांगतो. कातडी बूट, पॅन्ट बुटाच्या बाहेरून, अंगात सुती कपडे, तोंडावर जाळी नव्हे तर पूर्ण शील्ड. ओतायची जागा काँक्रीटवर नको, खाली दोन-तीन इंच कोरडी वाळू पसरा. काँक्रीटमध्ये पाणी असतं. त्यावर धातू सांडला तर ते तडतडून उडतं. पाण्याची वाफ झाली की ते सोळाशे पटींहून जास्त फुगतं. आणि एक, बिडासारखं ॲल्युमिनिअम उजेडात लाल दिसत नाही. सांडलेला चांदीसारखा थेंब थंड वाटतो आणि माणूस हात लावतो.

शेत_आणि_यंत्र (बार्शी)

काका, फार नीट सांगितलंत. याच भट्टीत मोटरसायकलचा ब्रेक लिव्हर आणि ट्रॉलीच्या हुकाचा भाग ओतता येईल का? आमच्याकडे असे भाग सारखे मोडतात.

मोल्डर_कोल्हापूर

नाही. ब्रेक, स्टिअरिंग, फूटरेस्ट, वजन उचलणारं किंवा ओढणारं काहीही घरी ओतू नका. आत भोक आहे की नाही हे तुम्हाला बाहेरून कळत नाही. कारखाना अशा भागांचे एक्सरे काढतो, त्यांना ठरलेली उष्णता-प्रक्रिया देतो, तुकडे ओढून तोडून बघतो. तुमच्याकडे यातलं काही नाही. मुठी, पुल्या, पंपाची झाकणं, यंत्राचे गार्ड, नावाच्या पाट्या, यात हौस भागवा.

जुनी_लेथ (कराड)

काका, तुमचं वाचून काल एक पुली करवतीने उभी कापली. कापलेली बाजू पॉलिश पेपरने घासून भिंगाखाली धरली. तुम्ही म्हणता तसंच आहे. कडेला गोल चकचकीत भोकं, आणि मध्ये खडबडीत, कंगोऱ्यांची पोकळी. दोन्ही एकाच तुकड्यात.

रायझर म्हणाल तर २५ मिलिमीटर पाइपाच्या तुकड्याने साच्याच्या वरच्या पेटीत एक भोक पाडतो, धातू वर आला की साचा भरला असं समजतो. ओतायचं तोंडही तेवढंच, सरळ खाली पुलीच्या मध्यावर उतरतं. पॅटर्न, म्हणजे वाळूत ठसा उमटवायचा नमुना, सागवानी आहे, मूळ पुलीच्या मापाचा, तिन्ही पायऱ्या एकसंध. मोठी पायरी वर, लहान खाली असा खालच्या पेटीत ठेवतो. तयार पुली मात्र मापात कमी भरते, व्ही घेतल्यावर १२५ ची पायरी १२२ वरच संपते.

पॅटर्न_शॉप (सांगली)

दादा, मापाचं मी सांगते. माझं सासर पॅटर्नच्याच धंद्यातलं, आता बाकावर मी असते.

ॲल्युमिनिअम घट्ट झाल्यानंतर थंड होतानाही आखडतं, ते वेगळं. त्याला पॅटर्नमध्ये मीटरला साधारण १३ मिलिमीटर वाढ देतात. आता हिशोब करा. तयार माप १२५. लेथवर काढायला प्रत्येक बाजूला अडीच, म्हणजे १३०. त्यावर आखडण्याची वाढ, १३० गुणिले १.०१३, साधारण १३१.७. म्हणजे तुमच्या पॅटर्नची मोठी पायरी १३१.७ मिलिमीटर पाहिजे. १०० ची पायरी १०६.४ आणि ७५ ची ८१. जाडीलाही तसंच. बाजारात आखडण्याची वाढ धरूनच आखलेली पट्टी मिळते, ती असली तर हिशोबच करावा लागत नाही.

प्रत्येक पायरीच्या उभ्या बाजूला दीड डिग्री उतार ठेवा. २५ मिलिमीटर उंचीला एका बाजूला साधारण ०.६५ मिलिमीटर येतो. एवढ्यानेही पॅटर्न वाळू न मोडता वर येतो. कोपऱ्यात धारदार काटकोन नको, मेण किंवा पुट्टी भरून ३-४ मिलिमीटरची गोलाई द्या. काटकोनात धातू तडकतो आणि वाळूही ढासळते. सागवानावर शेलॅकचे हात मारा, प्रत्येक हातानंतर बारीक पेपर. ओलसर वाळूत उघडं लाकूड फुगतं आणि माप हलतं.

एक सुचवते. मोठ्या पायरीच्या तोंडाला आतून गोल पोकळी घ्या. व्हीसाठी कडेला १८ मिलिमीटर जाडी सोडा, मध्ये ४५ व्यासाचा भरीव भाग, आणि मधला भाग २० मिलिमीटर खोल काढून टाका. पाव किलो धातू वाचतो आणि जाडी कमी झाल्याने मधली पोकळी धरण्याचा धोकाही कमी होतो.

मोल्डर_कोल्हापूर

ताईंचा हिशोब बिनचूक आहे, तोच धरा. पोकळीच्या बाबतीत मात्र माझं मत वेगळं आहे, आणि कारण साच्याचं आहे.

मोठी बाजू वर ठेवून आत पोकळी घेतली की ती वाळू वरच्या पेटीतून खाली लोंबते. वीस मिलिमीटरचं अरुंद कडं, मधून रायझर जाणार. रोज साचे करणारा मोल्डर ती धरून ठेवेल. दादांची वाळू पेटी उलटताना पडणार. उलट करून मोठी बाजू खाली टाकली तर वाळू उभी राहते, पण मग रायझर लहान पायरीवर येतो. खालचा जाड भाग शेवटी गोठतो आणि त्याच्यापर्यंत रायझरचा धातू पोचायच्या आधी वरची वाट बंद होते. म्हणून सुरुवातीला पुली भरीवच ओता, मोठी बाजू वर. लहान पायरी तळाशी आधी गोठेल, मग मधली, मग मोठी, आणि सगळ्यात शेवटी रायझर. गोठण्याचा हाच क्रम पाहिजे. हात बसला की ताईंच्या पद्धतीने पोकळी घ्या, किंवा त्या कड्याचा वेगळा कोअर (वाळूचा सुटा गाभा) करा.

या क्रमाला मदत म्हणून लहान पायरीच्या तळाशी लोखंडाची जाड चकती साच्यात बसवता येते. ती उष्णता ओढून घेते आणि तळ लवकर गोठवते. पण चकतीवर गंजाचा डागही नको, आणि बसवायच्या आधी तापवून कोरडी केलेली पाहिजे. साचा बंद करून रात्रभर ठेवलात तर तिच्यावर ओल धरते, म्हणून बंद केल्यावर लगेच ओता.

तुमचा २५ मिलिमीटरचा रायझर पुलीच्या कितीतरी आधी गोठतो. मग तो देणार काय? उलट पुलीतूनच घेतो. रायझर शेवटी गोठला पाहिजे, म्हणून तो पुलीपेक्षा जाड वाटायला हवा. तुमच्या भरीव पुलीला ७० ते ७५ मिलिमीटर व्यासाचा, १०० ते ११० उंचीचा रायझर लागेल, बरोबर मध्यावर. एक किलोच्या वर धातू त्यात जाईल. जाऊ द्या, तो कापून पुढच्या वितळीत येतोच. पुली मापात वाढल्याने पावणेदोन-दोन किलो, रायझर सव्वा, वाट आणि गेट थोडं; म्हणजे चार किलो मावेल अशी मूस घ्या. ओतून झालं की रायझरच्या तोंडावर सुकी राख किंवा भाताच्या तुसाची राख टाका, वरून लवकर गोठत नाही.

ओतायची वाट रायझरमधून किंवा पुलीच्या मध्यावरून नको. बाजूला वेगळी घ्या, वर रुंद आणि खाली निमुळती. खाली एक छोटा खड्डा, तिथून आडवा रनर (धातू वाहायची नाळ), आणि रनरमधून पुलीत शिरायला गेट. रनर गेटच्या पुढे थोडा वाढवा म्हणजे पहिला थंड, मळकट धातू तिकडे जाऊन थांबेल. ॲल्युमिनिअमच्या पृष्ठभागावर ऑक्साइडचा पापुद्रा सतत धरत असतो. धातू सेकंदाला अर्ध्या मीटरपेक्षा जोरात पळाला की तो पापुद्रा दुमडून आत शिरतो आणि तिथं सांधा कधीच जुळत नाही. नुसतं १३ मिलिमीटर खाली पडला तरी धातू हा वेग गाठतो. म्हणून तुमचं सरळ मध्यावर पडणारं तोंड सगळ्यात वाईट. मुशीचं ओठ वाटेच्या तोंडावरच्या कपाला जवळजवळ टेकवा, कप सतत भरलेला ठेवा, मध्ये थांबू नका.

वाळू. नदीच्या वाळूत माती असते, ती पाणी जास्त मागते. जमलं तर सिलिका वाळू आणा. आपल्या सिंधुदुर्गातल्या कासार्ड्याची बारीक सिलिका मिळते. वजनाने बेंटोनाइट ६ ते ८ टक्के, पाणी ३ ते ४. अंदाजाने नको, तागडी लावा. मूठ आवळून उघडली की बोटांचे ठसे स्पष्ट उमटले पाहिजेत आणि हाताला ओल लागता कामा नये. गोळा दोन हातांनी मोडला तर कड स्वच्छ तुटली पाहिजे, भुगा होता कामा नये. ठोकून झाल्यावर सायकलच्या आरीने वरच्या पेटीत सगळीकडे वाफ निघायला बारीक वेंट टोचा, पॅटर्नला न लागता. कोरडी सिलिका चाळताना चांगला मास्क लावा. ती धूळ फुप्फुसात बसली की निघत नाही, आमच्या धंद्यात सिलिकोसिसने माणसं गेली आहेत.

पुली तयार झाल्यावर एक हिशोब करून ठेवा. मोटर मिनिटाला १४४० फेऱ्यांची असेल तर १२५ च्या कडेचा वेग सेकंदाला साडेनऊ मीटरच्या आत येतो. ॲल्युमिनिअमला हे काहीच नाही. तरी पहिल्यांदा पट्टा न लावता, गार्ड बसवून, बाजूला उभं राहून फिरवा. ग्रब स्क्रू थेट ॲल्युमिनिअममध्ये आटे पाडून लावलात तर ते आटे झिजतात. बोअरमध्ये माइल्ड स्टीलचा बुश दाबून बसवा आणि चावीची खाच त्यात काढा.

जुनी_लेथ (कराड)

काका, ताई, दोघांचे मनापासून आभार. मूस आणि सिलिका मागवली आहे. पॅटर्न नव्या मापाने करायला घेतलाय. एकच विचारतो. पुढची पुली न कापता ती आतून भरली की नाही हे कसं ओळखू? प्रत्येक वेळी कापून बघणं परवडणार नाही.

मोल्डर_कोल्हापूर

पुली कापू नका, रायझर बघा. थंड झाल्यावर त्याच्या माथ्यावर खोल खड्डा पडलेला दिसला तर त्याने धातू पुलीला दिला. माथा सपाट राहिला असेल तर तो आधी गोठला, पुली उपाशी आहे. राखेखाली पापुद्रा धरून खड्डा झाकला जातो कधीकधी, म्हणून माथ्यावर सळई टोचून बघा. नंतर रायझर पुलीच्या तोंडालगत कापा आणि कापलेला गोल बघा. खड्ड्याचं टोक त्या रेषेच्या वरच संपलं पाहिजे. रेषेवर भोक दिसलं तर रायझर आणखी उंच घ्या.

वायूसाठी ओतायच्या आधी मुशीतला चमचाभर धातू तापवलेल्या विटेच्या खळग्यात टाका आणि गोठताना त्याच्याकडे बघत राहा. पृष्ठभाग शांतपणे आखडत खाली बसला तर ओता. बारीक बुडबुडे वर येऊन फोड धरत असतील तर ती वितळ पुलीला वापरू नका, लाद्या पाडा आणि कोरड्या भंगाराने पुन्हा लावा.